घरच्या तांदळाची अब्रू

अमेरिकेत उतरणाऱ्या प्रवाशाने भरून द्यावयाच्या जकातीच्या छापील नमुन्यात असा एक सवाल असतो की, आपण सोबत फळे, भाज्या, वनस्पती, बियाणे, खाद्यपदार्थ अथवा कीटक आणीत आहात काय. आणि त्यापुढील ‘नाही’ या चौकोनात खूण करताना आमच्या सुविद्य प्रवाशाचा हात लवमात्र कापत नाही. त्या समयी त्याच्या पेटीत, पैठणीच्या घडीत, दोन किलो आंबेमोहोर सुखाने पहुडलेला असतो.

हे असत्यभाषण नव्हे. कन्येच्या नव्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वाण्याच्या दुकानात, तांदूळ पोत्यांनी मिळत असला तरी तो विकतचा, हा घरचा. आणि घरच्या तांदळात किडा नसतो, हा आमच्या मध्यमवर्गाचा मूलभूत सिद्धान्त आहे. किडा असतो तो रेशनच्या धान्यात, शेजाऱ्याच्या डब्यात आणि एकंदर परक्या कुळांत. आपल्या कोठीत सोंडे निघालेच, तर तो दोष पावसाळ्याचा. शिवाय तांदळास बोरिक पावडर चोळलेली असते, आणि ज्या तांदळास आईने स्वहस्ते पावडर चोळली त्याची झडती घेणे म्हणजे प्रत्यक्ष मातृत्वाची झडती घेणे होय.

परंतु खापरा नामक जो चिमुकला भुंगेरा मूळचा आमच्याच उपखंडाचा, त्यास कुळाचा असा अभिमान नाही. आमचा उपवास साबुदाण्याच्या दुसऱ्या वाटीपाशी संपतो. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत वा भिंतीच्या फटीत अन्नावाचून वर्षानुवर्षे काढू शकते. 1953 साली हा पाहुणा कॅलिफोर्नियाच्या कोठारांत आढळला, तेव्हा इमारतीच्या इमारती ताडपत्रीत गुंडाळून आत विषारी धुरी कोंडावी लागली, आणि ती मोहीम आटोपण्यास 1966 उजाडले. म्हणूनच खापऱ्याचा वावर असलेल्या मुलखांतून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानातील तांदळास तेथे 2011 पासून सक्त मनाई आहे. यावर आमच्या सद्गृहस्थांचा खुलासा असा, की दोन किलोंत किती किडे मावणार?

हेच सद्गृहस्थ 1 मे 2014 रोजी राष्ट्रभक्तीने पेटून उठले होते. कारण फळमाशीचे निमित्त करून युरोपने त्या दिवसापासून हापूसला दार बंद केले, आणि त्याच हुकमान्वये वांगी, कारली, पडवळ व अळू हेही हद्दपार झाले. पडवळासाठी कोणी अश्रू ढाळल्याचे दफ्तरी नमूद नाही. पुढे दार उघडले, आणि निर्यातीच्या आंब्यास 48 अंशांच्या पाण्यात तासभर स्नान घडविण्याची रीत रुजली. आंबा बिचारा मुकाट्याने स्नान करून परदेशी जातो. त्याचा भक्त मात्र परतताना बुटांच्या तळव्यांवरची माती झटकण्याचे कष्टही घेत नाही, उलट मोज्यात दडवून आणलेली विलायती गुलाबाची फांदी कुंडीत खोचून विमानतळावरच्या शिपायास कसे गुंगविले याचे आख्यान पाहुण्यांना फराळासोबत वाढतो. विनाशकारी कीटकांविषयीचा कायदा या देशात 1914 साली झाला. आख्यान रंगले की श्रोत्यांना त्याचे स्मरण होत नाही. ज्या 2014 साली आम्ही हापूसच्या अब्रूसाठी जगाशी भांडत होतो, त्याच साली दक्षिण अमेरिकेतील टोमॅटोची नागअळी पुण्याच्या परिसरात येऊन दाखल झाली. 2018 साली अमेरिकेकडचीच लष्करी अळी प्रथम कर्नाटकात आणि मग आमच्या मक्यावर उतरली. ती कोणी आणली, असा सवाल केला तर प्रत्येकाचे उत्तर तयार आहे: ‘नाही’. आणि आज मक्याच्या एकेका पोंग्यात वाकून औषध घालीत जो शेतकरी फिरतो, त्याच्यासमोर तर असा कोणता छापील नमुना कोणी ठेवलेलाही नव्हता!

चीड येते ती याची, की खरे सांगण्यास येथे फारशी किंमतच पडत नाही. पेटीत तांदूळ आहे असे आपण होऊन सांगितले, तर दंड होत नाही. तांदूळ तेवढा जप्त होतो. परंतु परक्या शिपायासमोर आपल्या घरच्या तांदळात किडा असू शकेल असे कबूल करण्यापेक्षा, एखाद्या अनोळखी मुलखातील पीक बुडालेले आम्हांस अधिक परवडते. यालाच आम्ही आजवर सुसंस्कृतपणा म्हणत आलो.