ताशी २५५ लिटरचा खोटा शिक्का: बनावट फ्युएल पंप विकणाऱ्यास खुले पत्र

तुमचे नाव मला माहीत नाही, कारण पावतीवर तुम्ही ते लिहिले नाहीत. दुकानाचे नाव होते, पण आम्ही तक्रार केल्यावर तेही बदलले. म्हणून तुम्हाला तुमच्या मालावरूनच हाक मारतो. मोटारीच्या टाकीत बसणारा फ्युएल पंप, खोक्यावर एका नामांकित कंपनीचा लोगो, त्याखाली ‘ई८५साठी योग्य’ आणि ‘ताशी २५५ लिटर’. लोगो चोरीचा होता. ई८५चा दावा खोटा होता. लिटरचा हिशेब पुढे सविस्तर देतो, तो नीट वाचा.

तुमचे गिऱ्हाईक म्हणजे माझा भाचा. आयोवातल्या एम्स गावात शिकतो, सुट्टीत गोदामात काम करतो आणि त्या पैशांतून १९९५ सालची माझदा मियाटा सांभाळतो. गाडीला कोणीतरी पूर्वी सुपरचार्जर बसवला होता, रूट्स पद्धतीचा, इंटरकूलर नसलेला. सुपरचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते, तापलेल्या हवेने पेट्रोल वेळेआधी भडकते आणि इंजिनात नॉकिंग सुरू होते. ती हवा गार करणारा इंटरकूलर घ्यायचा तर पैसे हवेत आणि त्या छोट्या बॉनेटखाली जागाही हवी. भाच्याने दुसरा रस्ता धरला. अमेरिकेत सर्वाधिक इथेनॉल आयोवातच तयार होते आणि मक्याच्या इथेनॉलात पेट्रोल मिसळलेले ई८५ तिथे पुष्कळ पंपांवर मिळते. एक किलो इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या अडीच पटींहून अधिक उष्णता शोषते, म्हणजे इंधनच हवेला गार करते. ऑक्टेनही प्रीमियम पेट्रोलपेक्षा कितीतरी वर. कमी पैशांत सुपरचार्जरची गाडी सुरक्षित चालवायचा हा विचार पूर्णपणे बरोबर होता. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीने २००७ साली इथेनॉलचा हाच फायदा घेतला. त्यांच्या दोन सुपरचार्जरवाल्या सीसीएक्सची शक्ती पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवर होती, तिचाच इथेनॉलवर चालणारा भाऊ सीसीएक्सआर १०१८ पर्यंत गेला. पण त्यासाठी त्यांना इंजेक्टरांसह इंधनव्यवस्था वाढवावी लागली.

ती का वाढवावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसते तर खोक्यावर ‘ई८५’ छापायचे तुम्हाला सुचलेच नसते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ किलो. इंजिन हवा तेवढीच ओढणार, म्हणजे इंधन जास्त द्यायला हवे. भाच्याची गाडी ट्यूनिंगनंतर २२० हॉर्सपॉवरच्या आसपास जाणार होती. पेट्रोलवर तिला पूर्ण जोरात ताशी सुमारे ८३ लिटर लागले असते. ई८५वर लागतात १०९. चार इंजेक्टरांत वाटून, त्यांना ऐंशी टक्क्यांपलीकडे न राबवता, प्रत्येकी मिनिटाला ६०० सीसीच्या घरातले इंजेक्टर हवेत. हा हिशेब भाच्याने वहीत मांडला होता, मी तपासला आहे, त्यात चूक नाही. ताशी २५५ लिटरचा खरा पंप असता तर दाब वाढल्यावर त्याचा प्रवाह घटूनही पुष्कळ शिल्लक उरली असती.

आता तो मुलगा कुठे कुठे पैसे वाचवत होता ते ऐका, म्हणजे तुम्ही कुणाला लुबाडलेत ते कळेल. इंजेक्टरांना इंधन वाटणारी मूळ रेल त्याने ठेवली, कारण एवढ्या प्रवाहाला ती पुरते. रंगीत ॲल्युमिनियमची नवी रेल दिसायला सुंदर असते, तिची इथे गरज नव्हती. इंजेक्टर वापरलेले घेतले, पण प्रवाह मोजून जुळवलेला संच घेतला. इथेनॉलचे प्रमाण ओळखणारा सेन्सर भंगारात निघालेल्या जनरल मोटर्सच्या गाडीतून काढला. शून्य टक्के इथेनॉलला ५० हर्ट्झ, शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झ, इतका सरळ हिशेब असलेला तो सेन्सर भंगारातलाही उत्तम चालतो. तो लागतोच, कारण अमेरिकेत ई८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून हिवाळ्यात ते प्रमाण उतरवतात. सेन्सर बसेपर्यंत तो काचेच्या नळीत पाणी आणि इंधन मिसळून बघायचा. इथेनॉल पाण्यात उतरते, पेट्रोल वर तरंगते, रेघ किती सरकली त्यावरून टक्केवारी कळते. या तपासणीला जवळपास काहीच खर्च येत नाही.

आणि वायरिंग! या कामाबद्दल मला त्याचा खरोखर अभिमान वाटतो. तीस वर्षांच्या गाडीतली पंपाची वायर बारीक, तिचे जोड काळवंडलेले, पंपापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज गळते आणि व्होल्टेज गळले की पंप मंद होतो. पुष्कळ लोक ही गोष्ट न तपासता मोठा पंप घेऊन मोकळे होतात. त्याने बॅटरीपासून टाकीपर्यंत नवी जाड वायर ओढली, फ्यूज आणि रिले घातला, जुन्या वायरला फक्त रिले चालू करण्याचे काम दिले. एका संध्याकाळचे काम, पण पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळू लागले. टाकीच्या आत पंपाला जोडणारी रबरी नळीसुद्धा त्याने बदलली. बाहेरून इंधन वाहून नेणारी चांगली आर-९ जातीची नळी टाकीत बुडवून चालत नाही, तिथे इंधनात बुडून राहू शकणारी आर-१० लागते. ती बोटभरच लागते, पण फुटाच्या भावाने महाग असते. त्याने तीच घेतली.

काटकसर म्हणजे काय, हे त्या पोराला नेमके कळले होते. जिथे भाग बिघडला तर फार तर गाडी थांबेल, तिथे तो जुना माल घेत होता. जिथे भाग बिघडला तर इंजिन जाईल, तिथे नवा आणि अस्सल. पंप या दुसऱ्या यादीत पहिला होता. तुमचा पंप अस्सलच्या अर्ध्या किमतीत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. फसवणूक उघड दिसू नये इतकीच सवलत तुम्ही ठेवली होती. ‘स्वस्तातला घेतला, भोगा आता’ असे तुमच्या बाजूने कुणी म्हणाले, तर त्याला हे उत्तर.

पंप बसला आणि आधी गाडी पेट्रोलवर, कमी बूस्टवर चालवली. काही झाले नाही. मग ई८५, नवे ट्यूनिंग. सावकाश चालवताना तेव्हाही काही झाले नाही. पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल दिला, इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेले आणि नोंदीत इंधनाचा दाब कोसळलेला दिसतो. रेग्युलेटर बूस्टबरोबर दाब वाढवतो, म्हणजे त्या क्षणी ३.७ बार हवा होता. तो टिकला नाही. लॅम्डा, म्हणजे इंधनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत मिळालेली हवा, ०.८ वर राहायला हवा, तो एकाच्या दिशेने सरकला. इंधन कमी, हवा तेवढीच, त्यात सुपरचार्जरचा दाब. पाय उचलेपर्यंत एका पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटली होती.

आम्ही पंप आधी गाडीतच मोजला. रेग्युलेटरच्या नळीला हातपंपाने बूस्टएवढा दाब दिला, परतीची नळी मापाच्या डब्यात सोडली, पंपाला पूर्ण व्होल्टेज दिले. मिनिटाला दीड लिटर आले. ताशी नव्वद.

महाशय, या नव्वद आकड्याकडे बघा. पेट्रोलला पूर्ण जोरातही ८३ पुरले असते, म्हणून पेट्रोलवर तुमचा पंप पकडला गेला नाही. ई८५ला १०९ लागत होते, तिथे तो उघडा पडला. तुमचा माल नेमका त्या माणसाला मारतो, जो तुमच्या खोक्यावरच्या शब्दावर विसंबून इथेनॉल भरतो. साधी गाडी वापरणाऱ्याला कधी कळणारही नाही आणि तो तुम्हाला पाच तारेही देईल. त्या ताऱ्यांच्या भरवशावर पुढचा मुलगा पंप घेईल.

नंतर पंप काढून उभा कापला. आत मोटरला वीज पोचवणारा तांब्याचा कम्युटेटर निघाला, हिरवट थर चढलेला, खाचा पडलेला. इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहते आणि ते पाणी ओढून घेते. अशा इंधनात बुडालेला तांब्याचा कम्युटेटर झिजतो आणि गंजतो, म्हणूनच इथेनॉलसाठी बनवलेल्या चांगल्या पंपांत तो कार्बनचा असतो. हा फरक बाहेरून दिसत नाही. लोगोसाठी ठसा कोरायला तुम्ही खर्च केलात, कार्बनसाठी केला नाहीत. पैसे कुठे खर्चायचे याचा विचार तुम्हीही केला होता, हे त्या कापलेल्या पंपात स्पष्ट दिसते.

मला भीती या एका गाडीपुरती नाही. भाच्याचे वडील कोल्हापूरजवळ ऊस लावतात. तिकडच्या साखर कारखान्यांचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये जाते आणि देशभर पंपांवर वीस टक्के मिश्रणाचे ई२० मिळते. आपल्याकडे जुन्या दुचाक्या आणि जुन्या गाड्या अमाप. त्यांच्या रबरी नळ्या, सील, पंप यांना आज ना उद्या इथेनॉलला टिकणारे बदली भाग लागणार आहेत. हे भाग घेणारा माणूस गल्लीतल्या गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवतो, गॅरेजवाला खोक्यावरच्या छापावर. तिथे तुमच्यासारख्याने ‘ई२०साठी योग्य’ असा शिक्का मारून साधे रबर विकले, तर ते फुगेल, चिरेल आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळेल. तिथे गोष्ट पिस्टनवर थांबणार नाही, माणसे भाजतील. हे मी चिडून वाढवून सांगत नाही, इंधनाच्या नळीपाशी काम केलेला कुठलाही मेकॅनिक हेच सांगेल.

इथेनॉलवर टीका करणाऱ्यांनाही तुम्ही हत्यार दिले आहे. भाच्याच्या ओळखीतले लोक आता म्हणतात, ई८५ने इंजिन खाल्ले. ई८५ने खाल्ले नाही. इंजिनापर्यंत ते पुरेसे पोचलेच नाही. एक चांगले, स्वच्छ जळणारे, शेतात पिकणारे इंधन तुमच्या नव्वद लिटरमुळे बदनाम होते, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

तुमचे उत्तर आले आहे: पंप मूळ स्थितीत परत पाठवा, मग पंपाचे पैसे देऊ. पंप मूळ स्थितीत नाही आणि परत मिळणार नाही. त्याचे दोन्ही अर्धे, खोके, पावती आणि दाबाची नोंद आम्ही जपून ठेवली आहे. ज्या कंपनीचा लोगो तुम्ही वापरलात तिला छायाचित्रे गेली आहेत आणि बनावट मालाच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्रालाही. पिस्टन, रिंगा, गास्केट आणि सिलिंडर होन करून घेण्याचे बिल या पत्रासोबत आहे, ते पूर्ण भरा. पण त्याच्याही आधी तुमच्या विक्रीच्या याद्या काढा आणि हा पंप घेतलेल्या प्रत्येकाला आजच कळवा, की पूर्ण थ्रॉटल देऊ नका, ई८५ भरू नका, पंप काढून टाका. तुमच्याकडे त्यांचे पत्ते आहेत. माझ्याकडे नाहीत.