आज रात्री साडेनऊ वाजता

मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, तातडीने आमच्या अधिकाऱ्याशी बोला. २०२२ साली हा मेसेज महाराष्ट्रभर फिरला. खाली अधिकाऱ्याचा चक्क दहा आकडी मोबाइल नंबर.

नगर जिल्ह्यात तरी इथेच पाल चुकचुकायला हवी होती. अकोल्यापासून जामखेडपर्यंत वेळ सांगून जाणारी वीज कुणी पाहिली आहे? शिवाय हा साहेब पहिल्याच रिंगला फोन उचलतो, आवाज चढवत नाही, ‘वायरमन रजेवर आहे, उद्या बघू’ असेही म्हणत नाही. त्याचे मागणे किरकोळ: एक अ‍ॅप घ्या आणि दहा रुपये भरा. अ‍ॅप घेतले की ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा त्याला घरबसल्या दिसतो, ओटीपीसकट. मग दहा रुपयांच्या मागोमाग खात्यातली उरलेली रक्कमही चालू लागते.

कायद्याला एवढी घाई नाही. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, असे विद्युत कायदा २००३ चे कलम ५६ सांगते. आपले एसएमएस खासगी नंबरावरून जात नाहीत, हे महावितरणनेही वारंवार बजावले आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना तर एप्रिल २०२४ पासून वीज मोफत. पण पंपाचे बिल माफ झालेला शेतकरीही घरच्या मीटरपायी धसका घेतोच.

बिलाचा धाक दाखवणारे इतरत्रही आहेत. अमेरिकेत बिलाचे सोंग घेतलेली जाहिरात टपालाने पाठवायची, तर ‘हे बिल नाही’ असे तिच्यावर ठळक छापावे लागते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवाफसवीचे तेरा ‘डार्क पॅटर्न’ अधिसूचित केले. खोटी घाई करणे यादीत पहिले. वेश पालटून आलेली जाहिरातही तिथे आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. अडचण एकच, दंडाची नोटीस पाठवायला पत्ता लागतो.

मदतीला नंबर मात्र भरपूर. ग्राहकाच्या तक्रारीला १९१५, सायबर फसवणुकीला १९३०. पैसे गेले की आधी १९३० लावायचा, कारण उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकलेली असते. घाबरलेला माणूस सवयीने १९१२ फिरवतो. तिथे वीज गेल्याची तक्रार घेतात, आणि त्या रात्री नेमकी वीज गेलेली नसते.