कंप्युटराची राखण

सिंधुदुर्गात गावाला राखणदार लागतो. तो रात्री हातात काठी घेऊन शिवेवरून फिरतो, बाहेरचे वाईटवंगाळ आत येऊ देत नाही आणि मोबदल्यात वर्षातून एकदा आपली राखण घेतो. कुठे नारळ, कुठे कोंबडा, कुठे विडी, कुठे बाटलीतले दोन घोट. वेंगुर्ल्याकडे आरवलीच्या वेतोबाला तर लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण रात्रभर गस्त घालून त्याच्या चपला झिजतात. अशा मुलखात घरात कॉम्प्युटर आला तर त्यालाही राखणदार लागणार हे ओघानेच आले. मालवण तालुक्यात प्रत्येक वाडीत असा एकजण सापडतो. मुंबईत बँकेत नोकरी करून रिटायर झालेला, गावचे घर कौले बदलून राहण्याजोगे केलेला आणि माजघरात कॉम्प्युटर मांडून बसलेला. आडनाव काही असो, वाडी त्याला अण्णा म्हणते. आपणही अण्णाच म्हणू.

अण्णांच्या कॉम्प्युटरवर काकींच्या जुन्या साडीचे झालर लावलेले आच्छादन असते. जवळ जायचे तर पाय धुऊन. यात अण्णांचा दोष नाही. नव्वद सालच्या आसपास त्यांच्या बँकेत कॉम्प्युटर आला तो याच थाटात आला. वातानुकूलित खोली, दारात चपलांची रांग, आत मोठ्याने बोलायचे नाही. आधी अण्णांनी यंत्रीकरणाविरुद्ध गेटवर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. मग त्या खोलीत बसणाऱ्याला अलाउन्स मिळतो असे कळले, तेव्हा पहिला अर्ज त्यांचाच होता. "इरोध तत्त्वाक होतो," ते आजही सांगतात, "अलाउन्साक नाय."

त्या खोलीत अण्णांना व्हायरस भेटला. म्हणजे तो येणार अशी बातमी भेटली. मायकेलँजेलो नावाचा तो व्हायरस फ्लॉपीवरून पसरायचा, डिस्कच्या अगदी सुरुवातीला दडून बसायचा आणि ६ मार्चला, म्हणजे त्या कलावंताच्या जन्मदिवशी, डिस्कची ती सुरुवातच पुसून टाकायचा. १९९२ मध्ये जगभर हाकाटी झाली की लाखो कॉम्प्युटर बसणार. बसले ते काही हजार. पण साहेबांनी त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही असे फर्मान काढले होते आणि अण्णा ते अजून पाळतात. 'कालनिर्णय'वाले जयंत साळगावकर मालवणचे, तेव्हा अण्णांच्या भिंतीवर दुसरे कॅलेंडर लागणे शक्यच नाही. त्यात संकष्टी आणि एकादशी छापून येतात. ६ मार्च आणि २६ एप्रिल या दोन तिथी अण्णा लाल पेनाने स्वतः घालतात. २६ एप्रिल 'चेर्नोबिल' नावाच्या व्हायरसची. १९९९ मध्ये त्या तारखेला तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या व्हायरसने भारतातसुद्धा पुष्कळ कॉम्प्युटर झोपवले होते. ज्या मशीनवर हे दोन्ही व्हायरस चालत ती भंगारात गेल्यालाही जमाना झाला. वाडीतल्या एका पोराने हे सांगून बघितले.

"होलिका एकदाच जळली मा?" अण्णा म्हणाले. "मग शिमगो दरवर्षी कित्याक करतंस?"

पोरगा पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

खरे तर किनाऱ्यावरच्या कॉम्प्युटरला मारायला व्हायरसची गरजच नसते. खारी हवा वर्षभर आतले पत्रे खाते, पावसाळ्यात विजेचा झटका येतो, आणि उबेच्या आशेने पाल आत शिरून संसार थाटते ते वेगळेच. अण्णांना यातले काही मान्य नाही. स्क्रीन थरथरली, व्हायरस. प्रिंटरने कागद गिळला, व्हायरस. एकदा मालवणातल्या मेकॅनिकने डबा उघडून मुंग्यांची अख्खी वसाहत त्यांच्या डोळ्यांसमोर झटकली. अण्णांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, "ह्यो झालो वरचो. भितरलो खय आसा?"

पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र मी अण्णांच्या बाजूचा आहे. चतुर्थीला मुंबईहून पुतण्या येतो, त्याच्या खिशात फोटोंचा पेनड्राइव्ह असतो, आणि उंबऱ्यावर जबानी सुरू होते.

"खय भरून हाडलंस?"

"बाजारात, झेरॉक्सवाल्याकडे."

"थय अजून कोणाकोणाचे घातलेले?"

"माका काय ठावक, अण्णानू?"

"मग पडवीत ठेव तो. आणि हात धू."

हात धुण्याने काही होत नाही हे खरे, पण झेरॉक्सच्या दुकानाबद्दलचा अण्णांचा संशय शंभर नंबरी आहे. सातबारा, दाखले, लग्नाच्या पत्रिका, दशावतारी नाटकाचे रेकॉर्डिंग, सगळ्या तालुक्याचे पेनड्राइव्ह दिवसभर त्या एका मशीनमध्ये तोंड घालून जातात. तिथला शॉर्टकटवाला व्हायरस मोठा बेरकी. तो तुमचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट जागेवर ठेवतो. तुम्ही त्यावर क्लिक करता, फोल्डर उघडतो, फोटो दिसतात, तुम्ही खूश. त्याच क्लिकने व्हायरस घरात शिरलेला असतो. २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत वेगळे ठेवू लागले, तेव्हा सगळी वाडी भांबावली होती. अण्णा एकटेच समाधानी. "इतकी वर्सा मी काय सांगत होतंय?"

आता राखण. वर्षातून एका ठरलेल्या दिवशी अण्णा सकाळी राखणदाराला नारळ ठेवतात आणि दुपारी अँटिव्हायरसचे पैसे भरतात. गाऱ्हाणे एकच, दोन्हीकडे चालते : "बा म्हाराजा, शिवेभायरची पीडा शिवेभायर ठेव." काकी आतून "होय म्हाराजा" म्हणतात. अँटिव्हायरस पुण्याचा, क्विक हील. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात त्यांचे भाऊ संजय यांनी हा अँटिव्हायरस लिहिला, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. घाटावरच्या माणसाची एवढी स्तुती त्यांच्या तोंडून एरवी निघत नाही. पण एका राखणदारावर भरवसा ठेवतील तर ते अण्णा कसले? शेजारी त्यांनी एक परदेशी, फुकटचा बसवला. "एकाचो डोळो लागलो तर दुसरो जागो व्हयो."

दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर जागे ठेवू नयेत असे दोन्ही कंपन्या सांगतात. दोघेही एकच फाइल एकाच वेळी तपासायला धरतात, एकमेकांकडेच संशयाने बघतात, आणि घरचे काम थांबते. गावात मानपानावरून भांडण लागले की पालखी जशी मध्येच उभी राहते, तसा अण्णांचा कॉम्प्युटर उभा राहायचा. सकाळी बटण दाबून अण्णा आंघोळीला जात, पूजा करीत, पेज जेवत, आणि मग येऊन बघत. बहुधा तोवर सुरू झालेला असे.

एवढा बंदोबस्त करणारा हा माणूस बुडाला तो कुंडलीपायी. मुंबईच्या एका भाच्याचे लग्न जमवायचे होते आणि गुणमेलनाचे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नव्हते. इंटरनेटवर ते फुकट मिळाले. चोरीचे, अर्थात. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर हे चालणार नाही. चतुर्थीला आलेल्या सख्ख्या पुतण्यावर संशय घेणाऱ्या अण्णांनी ती ओळ वाचली आणि सरकारी परिपत्रकासारखी पाळली. पुण्याचा राखणदार बंद केला, परदेशी बंद केला. दोघेही बहुधा ओरडत होते. अण्णांनी त्यांना गप्प बसवले. पाहुणा येणार म्हटल्यावर कोकणी माणूस आधी कुत्रा बांधतो.

गंमत अशी की जगातल्या पीसीवरच्या पहिल्या व्हायरसची गोष्ट अण्णांना तोंडपाठ आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' लिहिला; लोक आपले वैद्यकीय सॉफ्टवेअर चोरून वापरतात म्हणून, असे त्यांचे म्हणणे. आत स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. "चोरीच्या मालात इख असता," असा त्या गोष्टीचा बोध अण्णा दरवेळी सांगत. कुंडलीचे सॉफ्टवेअर उतरवतानाही तो त्यांना पाठ होताच.

दुसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना. भाच्याची कुंडली, नातीचे फोटो आणि अण्णांनी सात-आठ वर्षे खपून जमवलेला घराण्याचा कुळवृत्तान्त, सगळ्यांच्या नावापुढे एक अगम्य शेपूट. शेजारी एक चिठ्ठी. हे २०१९ च्या पावसातले, त्या साली चोरीच्या सॉफ्टवेअरमधून हाच खंडणीखोर व्हायरस घरोघरी शिरत होता. चिठ्ठीतला दर सगळ्यांना सारखा : फाइली सोडवायचे ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. नमुना म्हणून एक फाइल फुकट सोडवून मिळेल.

दुसरा कोणी असता तर हादरला असता. अण्णांचे अर्धे आयुष्य बँकेत गेले असले तरी बालपण मालवणच्या बंदरावर मासळीच्या लिलावात गेले आहे. "मागल्याबरोबर अर्ध्यार इलो," ते म्हणाले. "म्हणजे नड त्याका आसा." त्यांनी इंग्रजीत रीतसर पत्र लिहिले. आपण ज्येष्ठ नागरिक आहोत, निवृत्तिवेतनावर जगतो, तरी पाचशे रुपये देऊ करतो, पावती मिळावी. उत्तर आले नाही. अण्णांनी स्मरणपत्र पाठवले. मग 'ब्रेन'च्या त्या लाहोरच्या भावांची त्यांना आठवण झाली. "ते मेले व्हायरस सोडीत, पण पत्तो तरी देयत. ह्येका माणूसपणच नाय."

पुतण्याने मुंबईहून फोनवर सांगितले की पैसे देऊ नका, दिले तरी फाइली मिळतील याची खात्री नसते. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ पासून चालवलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर अशा कुलपांच्या काही चाव्या फुकट मिळतात. अण्णांच्या कुलपाची तिथे नव्हती.

कुळवृत्तान्त तरीही वाचला. कसा, ते सांगायला अण्णांना जरा अवघड जाते. कॉम्प्युटरवर त्यांचा कधी विश्वासच नव्हता. बँकेत सगळे मशीनवर गेल्यावरही ते गुपचूप लेजर लिहीत होते, तीच खोड घरी. प्रत्येक पिढी टाइप करून झाली की रात्री ती लांबट वहीत शाईने उतरवायची आणि वही तांदळाच्या कणगीमागच्या पत्र्याच्या पेटीत. वाळवीने खाल्लेली दोन पाने सोडली तर सगळे घराणे तिथे शाबूत होते. या माणसाने आयुष्यभर व्हायरसविरुद्ध जे जे केले त्यात तज्ज्ञांनी पाठ थोपटावी असे एवढेच, महत्त्वाच्या गोष्टीची एक प्रत मशीनपासून तोडून ठेवणे. ते त्यांनी व्हायरसच्या भीतीने केलेच नव्हते.

मेकॅनिकने मशीन पुसून विंडोज १० घातले आणि सांगितले की यात विंडोजच्या कंपनीनेच अँटिव्हायरस दिलेला आहे, विंडोज ८ पासून असतोच, पैसे नाहीत. वेळच्या वेळी अपडेट होऊ द्या, चोरीचा माल उतरवू नका, घरच्या माणसाला तेवढे पुरते. अण्णांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितले.

"राखण घेणा नाय तो राखणदार कसलो?"

आणि त्याच दिवशी जाऊन दोन्ही परत बसवले.

मालवणात गेलात तर अण्णांना एक निरोप द्या. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. हे त्यांना सांगायची हिंमत वाडीत कोणाला होत नाही. फक्त एक ते चारच्या दरम्यान जाऊ नका, तेव्हा ते झोपलेले असतात. आणि पेनड्राइव्ह नेणार असाल तर तो पडवीतच ठेवावा लागेल.