बंजारा हिल्सचे वनवासी

हैदराबादच्या बंजारा हिल्सला ज्यांचं नाव मिळालं, ते लमाण बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून दख्खनभर फिरत, मोगलांच्या फौजाही पोसत. आता त्याच टेकडीवरून विकाराबादजवळच्या अनंतगिरीला दोन रात्री ‘जंगलात’ काढायला गाडीमागे ओढायचा, राहण्याजोगा ट्रेलर निघतो, तोही फ्रिज, एसी आणि मायक्रोवेव्हसह. हिशेब मात्र निर्दय आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम १२०० वॉट-तास देते. १००० वॉट ओढणारा एसी ती तासाभरात रिकामी करतो. मग दुसरी बॅटरी, आणखी सौर पॅनेल, शेवटी (शांततेसाठीच गेलेल्यांचा) जनरेटर. वजन वाढलं की कच्चा रस्ता सुटतो आणि ट्रेलर एखाद्या रिसॉर्टच्या आवारात, प्लगपाशी विसावतो.

‘बरोबर म्हातारी माणसं, लेकरं असतात, त्यांनी हाल का सोसावेत?’ प्रश्न रास्त आहे. त्यांच्यासाठी १०० लिटर पाणी, नीटसा संडास आणि सावली हवीच. पण पाण्याचंच ओझं १०० किलो होतं, म्हणून तर बाकीचं कमी हवं. छोट्या फ्रिजला, ऊन असेल तर, २०० वॉटचं पॅनेल पुरतं. एसीशिवाय झोपच येत नसेल, तर सरळ लॉजची खोली घ्या; स्वस्त पडेल.