खतकाकूंचा जाच

आमच्या सोसायटीत चोर शिरला तर सीसीटीव्ही आहे, वीज गेली तर जनरेटर आहे, पाणी गेलं तर टँकर आहे. खतकाकूंवर मात्र अजून कुणाला इलाज सापडलेला नाही.

काकू बी विंगमधल्या. सगळी नोकरी विक्रीकर खात्यात गेली, व्यापाऱ्यांच्या वह्या तपासण्यात. निवृत्त झाल्यावर माणसानं शोभेल असं वागावं. भजनी मंडळ धरावं, चारधाम उरकावं, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडावं. यांनी सोसायटीचा ओला कचरा अंगावर घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, मानधन नाही. तसा स्वयंसेवक हा आपल्याकडे निरुपद्रवी प्राणी. गणपतीत छातीला बिल्ला लावतो, मिरवणुकीत दोरी धरतो, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत कुणाला त्रास देत नाही. काकू मात्र रोज सकाळी सातला रबरी हातमोजे चढवून पार्किंगमागच्या कोपऱ्यात हजर. हातात फुलके भाजायचा जुना चिमटा. आणि त्या चिमट्यानं त्या आमची बादली चाचपतात.

हे चाचपणं आम्हाला खुपतं. माणसानं कपाट बघावं, पासबुक बघावं, फार तर मोबाईल बघावा, पण बादली? ए विंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक कुटुंब आहे, श्रावण कडक पाळणारं. कांदा-लसूणसुद्धा दाराबाहेर. एका श्रावणी मंगळवारी त्यांच्या बादलीत वर दोडक्याच्या शिरांचं जाड पांघरूण होतं आणि खाली वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली तंगडीची हाडं. काकूंनी आरडाओरडा केला असता तर आम्ही समजू शकलो असतो. चार लोकांत बोलल्या असत्या तर मजाही आली असती. पण त्या लिफ्टमध्ये त्या गृहस्थांना अगदी प्रेमानं म्हणाल्या, "भाऊ, हाडं द्यायला हरकत नाही हो, फक्त कागद काढून द्या. मी तळाशी घालते, वरून वाळली पानं टाकली की वासही येत नाही." लिफ्टमध्ये आणखी दोघं होते. ते कुटुंब आता फ्लॅट विकायचा विचार करतंय म्हणतात.

अशा बाईपासून काहीच लपत नाही. कोणाचं डाएट बुधवारी मोडलं, कोणाकडे नाचणीची भाकरी फक्त फोटोपुरती होते, कोणाच्या घरी दोन दिवसांचा भात तसाच पडून असतो, सगळं त्यांना ठाऊक. विक्रीकर खात्यात निदान आधी नोटीस तरी यायची.

या सगळ्याच्या मुळाशी कायदा आहे. केंद्र सरकारनं 2016 साली घनकचरा व्यवस्थापनाचे नियम केले आणि नागरिकानं आपला कचरा तीन भागांत द्यावा असं ठरवलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. आता ज्या देशात एका घरातली तीन माणसं टीव्हीच्या एका चॅनेलवर एकमतानं बसत नाहीत, तिथं एका घरात तीन डबे! आमच्या सोसायटीची वर्गवारी त्याहून पुष्कळ जुनी आणि सुटसुटीत आहे. कचऱ्याचे दोनच प्रकार, घरातला आणि घराबाहेरचा. उंबरठा ओलांडला की तो कचरा राहत नाही, व्यवस्थेचा प्रश्न होतो, आणि व्यवस्थेवर चर्चा करायला आम्ही केव्हाही तयार असतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याचा कचरा आपल्या दारात नको म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, तेव्हा आमच्या ग्रुपवर तीन दिवस तुफान चर्चा झाली होती. निष्कर्ष असा निघाला, की गावकऱ्यांत नागरिकशास्त्राची जाण कमी आहे.

त्याच नियमांत आणखी एक मेख होती. दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणारा तो मोठा उत्पादक, आणि 5000 चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. हे वाचून आमच्या कमिटीनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कचऱ्याचं वजन करायचं ठरवलं, आणि आदल्या दिवशी सगळ्या सभासदांना सहकुटुंब बाहेर जेवायला जाण्याची विनंती केली. क्षेत्रफळाला मात्र बाहेर जेवायला पाठवता येईना. मग कुणीतरी सांगितलं, की खतप्रकल्प असला तर पुण्यात मिळकतकराच्या सर्वसाधारण करात 5 टक्के सवलत मिळते, जोडीला सौर यंत्रणा किंवा पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर 10 टक्के. त्या क्षणी निसर्गाबद्दल आमच्या मनात जे प्रेम दाटून आलं, ते आजतागायत कमी झालेलं नाही. फक्त निसर्गाची रोजची देखभाल कोणी करायची एवढा प्रश्न होता, आणि काकू नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

टाक्या बांधल्या गेल्या. विटांच्या, गुडघ्याच्या वर येणाऱ्या, आणि भिंतींत मध्ये मध्ये एकेक वीट गाळून ठेवलेली भोकं. आमच्या सी विंगमध्ये एक सिव्हिल इंजिनिअर आहेत, ते आखातात मोठे पूल बांधून आलेत. त्यांनी ते काम पाहिलं, ठेकेदाराला शिव्या घातल्या आणि काकू मुलीकडे नाशिकला गेल्या असताना स्वखर्चानं माणूस बोलावून सगळी भोकं सिमेंटनं बुजवून घेतली. वर गुळगुळीत गिलावा. चारपाच दिवसांत असा वास सुटला, की तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दवाखाना लवकर बंद करायला सुरुवात केली.

काकू परतल्या, छिन्नी-हातोडी घेऊन बसल्या आणि ठोकता ठोकता त्यांनी इंजिनिअरसाहेबांना जे ऐकवलं, त्याचा गोषवारा असा. ही भोकं म्हणजे ठेकेदाराची चोरी नाही, टाकीची नाकं आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही तऱ्हा बसवली, त्यांच्याच नावावरून तिला नाडेप म्हणतात, आणि गावोगावच्या शेतकऱ्याला ती माहीत आहे. कुजवणारे जिवाणू हवेवर जगतात. हवा मिळाली की टाकी आतून तापते, पन्नास-साठ अंशांपर्यंत जाते, आणि खताला पावसाळ्यातल्या मातीचा वास येतो. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात, आणि त्यांचा वास तुम्ही घेतलाच आहे. नुसती भाजीची देठं आणि उरलेलं पिठलं टाकून भागत नाही. ओल्यात नत्र, वाळल्या पानांत कर्ब, आणि एका भागाला पंचवीस-तीस भाग असा कर्बाचा हिशेब जमावा लागतो. म्हणून वाळली पानं हवीत. आणि ती पानं तुमचा वॉचमन रोज पहाटे शेकोटीत जाळतो, ज्याला घनकचऱ्याच्या नियमांत बंदी आहे.

इंजिनिअरसाहेब एवढंच म्हणाले, की दुबईत असं नसतं.

अळ्यांचं प्रकरण मात्र आम्ही सोडलं नाही. जुलैतल्या एका रात्री साडेअकराला ग्रुपवर व्हिडिओ आला. टाकीत राखाडी, जाडजूड अळ्या, शेकड्यांनी, वळवळत. पाठोपाठ आरोग्य खात्याला टॅग करा, कोर्टात जा, डेंग्यूला जबाबदार कोण, असे चाळीसेक संदेश. काकूंचं उत्तर सकाळी सातला आलं. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत, चावत नाहीत, डेंग्यू पसरवत नाहीत, उलट तुमचं आठवड्याचं खरकटं झपाट्यानं फस्त करतात. टाकी ओली झाली म्हणून वर आल्या, कोरडी पानं टाकली की खाली जातील. संशोधकाच्या थाटात त्यांनी एका बरणीत चार अळ्या ठेवून लिफ्टशेजारी मांडल्या. 'यांना ओळखा' अशी चिठ्ठी लावली. लहान मुलांनी दुपारपर्यंत त्यांची नावं ठेवली. आईबापांची मात्र अजून अशी ठाम समजूत आहे, की अळ्या खतातून येतात आणि खत काकूंमुळे होतं, म्हणजे हिशेब सरळ आहे.

खत तयार झालं, की या समजुती पंधरा मिनिटांसाठी बाजूला ठेवल्या जातात. चाळलेलं, काळंभोर, भुसभुशीत खत पोत्यात भरलं की ज्यांनी आयुष्यात एकदाही देठ वेगळं केलं नाही, तेच पिशवी घेऊन सगळ्यात पुढे. एकजण तर म्हणाले, "आमच्या घरचा कचरा जास्त असतो, त्या प्रमाणात वाटप व्हावं." बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, आमच्याकडे दीडदोन महिन्यांत फिटतात, आणि फेडायला रांग लागते.

आता एक बारीकशी गोष्ट, जी कोणी विचारलेली नाही. पोतं उचलतं कोण? टाकी खाली-वर करणं, फावड्यानं पलटणं, गळणारं पाणी बादलीत धरणं, आंब्याच्या कोयी एकेक वेचून बाजूला काढणं, हे सगळं काकू एकट्या करत नाहीत. झाडलोटीला येणाऱ्या मावशी करतात. काकू बोलतात, मावशी ओढतात. मावशींची थोरली बहीण कचरावेचक, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची जुनी सभासद. 1993 साली सुरू झालेल्या या संघटनेतूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 पासून पुण्यात घरोघरी कचरा गोळा करायला लागली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला आधी कळेल आणि उघडून बघावं लागणार नाही, ही मोहीम त्याच बायकांची. काकूंनी ती आमच्याकडे लावून धरली, स्केचपेनांचा बॉक्स वाटला. ठिपका काढायला लाज वाटते म्हणून दोन घरांनी सगळ्याच पुड्यांवर ठिपके काढले, कांद्याच्या सालींवरसुद्धा.

तर काकू आणि मावशी एकाच टाकीत हात घालतात. काकूंना त्याबद्दल महिला दिनी गुलाब मिळतो, एका संस्थेनं प्रमाणपत्र दिलं, त्यांच्या मुलाखतीचा व्हिडिओ झाला, त्यात मागे मावशी धूसर दिसतात. मावशींना चहा मिळतो, पण कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. आमच्या सोसायटीत जातपात कोणी मानत नाही. आम्ही फक्त कप वेगळा ठेवतो, स्वच्छतेसाठी.

हे सगळं परवाच्या वार्षिक सभेत उफाळून आलं. विषयपत्रिकेवर नववा विषय होता: खतप्रकल्पावर काम करणाऱ्या मावशींच्या पगारात महिना पाचशे रुपये वाढ, मांडणार काकू. पार्किंगच्या पट्ट्यांना पिवळा रंग द्यावा की पांढरा, यावर तोपर्यंत पाऊण तास गेला होता. नवव्या विषयाला आल्यावर चेअरमननी घड्याळ पाहिलं. एका सभासदानं मुद्दा काढला, की पाचशे आज दिले तर उद्या वॉचमनही मागेल. दुसऱ्यानं विचारलं, की हे काम पर्यावरणाचं आहे ना, मग पैशांची भाषा का? मिळकतकराच्या सवलतीत सोसायटीचे किती वाचले तो कागद काकूंनी पुढे केला. तो खजिनदारांनी तपासणीसाठी ठेवून घेतला. विषय वेळेअभावी पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

दहावा विषय मात्र एकमतानं मंजूर झाला. टाळ्या थांबेचनात. काकूंच्या निःस्वार्थ सेवेबद्दल सोसायटीतर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार, खर्चाची मर्यादा दोन हजार.

काकू उठल्या. "शाल राहू दे," म्हणाल्या, "श्रीफळाचं तेवढं सांगा. शेंडी, करवंटी आणि खोबरं, कुठलं कुठल्या डब्यात टाकायचं?"

पुढच्या रांगेतून 'ओला' आलं, मागून 'सुका' आलं. चेअरमन म्हणाले 'घातक', कारण मागच्या दसऱ्याला नव्या गाडीपुढे फोडलेला नारळ त्यांच्याच बोनेटवर आपटला होता. मतदान घ्यावं अशी सूचना आली, तिला अनुमोदनही मिळालं. तेवढ्यात वडे आले. थर्माकोलच्या ताटल्यांत, प्लास्टिकच्या चमच्यासकट. राज्यात या ताटल्यांवर 2018 पासून बंदी आहे, हे काकू म्हणायच्या आत सेक्रेटरींनीच हात वर केला. हा साठा बंदीच्या आधीचा आहे, असा त्यांनी खुलासा केला; वाया जाऊ नये म्हणून आपण तो दरवर्षी थोडा थोडा संपवत आहोत.