वीसासेच्या पुढं

रेडिंग, इंग्लंड
डिसेंबर, नाताळच्या सुट्टीला चार दिवस बाकी

तीर्थस्वरूप आप्पा आणि आईस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लेकरं काय शिकायलीत?" मी "बरंच काही" म्हणाले आणि तुम्ही गप्प झालात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं काढलेला माणूस "बरंच काही" असं उत्तर देणाऱ्या पोराला कुठं उभं करतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. मला बाकावरून खाली उतरू द्या.

धाकटी दुसरीत गेली. पहिलीच्या शेवटी इथं सगळ्या मुलांची वाचनाची तपासणी होते. शब्द चाळीस. त्यातले वीस खरे आणि वीस चक्क खोटे, ज्यांना काहीच अर्थ नाही. खोट्या शब्दाशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे पोरानं अर्थ शोधत बसू नये. इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा इंग्रजांनाही नाही, हे त्यांनी सरकारी पातळीवर कबूल केलेलं बघून मला बरं वाटलं. आमच्या गावाचंच घ्या. पाटीवर स्पेलिंग 'रीडिंग'चं, म्हणजे वाचनाचं, आणि वाचायचं मात्र 'रेडिंग'. तुमची बाराखडी इथं आणली तर लोक तिची मिरवणूक काढतील.

या सत्रात तिच्या वर्गाला इतिहासात लंडनची मोठी आग होती. २ सप्टेंबर १६६६, पुडिंग लेनमधली एक बेकरी, मग चार दिवस आग. तेरा हजारांवर घरं आणि ८७ चर्चेस खाक. सॅम्युअल पेपिस नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं घर सोडताना आपलं पार्मेझान चीज बागेत पुरून ठेवलं, हे धाकटीला तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. (आई, तू पुराच्या वेळी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली होतीस. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हसत नाही.)

प्रकल्प म्हणून प्रत्येकानं पुठ्ठ्याचं जुन्या लंडनमधलं घर करून न्यायचं होतं. दोन रविवार आम्ही नवरा-बायको डिंकात बरबटलो. खिडक्या कापल्या, काळ्या पट्ट्या चिकटवल्या, मागच्या दारी चीज पुरायला जागासुद्धा ठेवली. आणि शाळेनं काय केलं? सगळी घरं मैदानात ओळीनं मांडली, अग्निशमन दलाची गाडी बोलावली आणि पेटवून दिली. आग या घरावरून त्या घरावर कशी जाते ते दाखवायला! बाकीची पोरं डोळे विस्फारून गप्प उभी. आपल्या धाकटीनं तोंडावर हात मारून जी बोंब ठोकली, ती म्हणे टेम्सपर्यंत गेली. मागच्या होळीला तुमच्याकडे होती ना, त्याचा परिणाम. शिक्षिकेनं संध्याकाळी मला हळूच विचारलं, मुलीला आगीची भीती वाटते का? शिमगा इंग्रजीत कसा सांगायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.

रात्री तिला म्हटलं, याच सुमाराला आपले महाराज आग्र्याहून निसटले होते. १७ ऑगस्ट १६६६. आगीच्या दोनच आठवडे आधी. मिठाईच्या पेटाऱ्यांची गोष्ट तिनं श्वास रोखून ऐकली आणि विचारलं, "ती मिठाई पुडिंग लेनमधून मागवली होती का?" तुम्ही चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास एवढी वर्षं शिकवलात, पण हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नसेल.

सुगीचा सण तेवढा लवकर आटोपते. शरदात शाळेत तो होतो आणि मुलं गरजूंसाठी डबाबंद अन्न घेऊन जातात. थोरला राजम्याचा डबा हातात धरून म्हणाला, "आजोबांच्या वावरात याचं झाड आहे?" मी म्हटलं, त्यांच्याकडे सध्या सोयाबीन आडवं करतायत, तू चल.

आता थोरल्याचं. चौथीत आहे. भूगोलात 'एक नदी निवडा' असा गृहपाठ होता. टेम्स घरापासून वीस मिनिटांवर, पण यानं गोदावरी घेतली. आपल्या गंगाखेडला सगळे म्हणतात तसंच वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमची गंगा'. खाली लांबी १४६५ किलोमीटर, उगम त्र्यंबकेश्वर. वही परत आली ती लाल शाईतल्या प्रश्नासह. गंगा उत्तरेत ना? मग यानं वर्गात उभं राहून सांगितलं, "आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात, म्हणून तर गाव गंगाखेड. जनाबाई तिथल्याच." एवढ्यावर भागलं असतं. पण यानं चित्रात नदीच्या मधोमध दोन माणसं, एक बकरी आणि क्रिकेटचे स्टंप काढले होते. मे महिन्यात तसंच पाहिलंय म्हणून. त्यावर शेरा आला, "छान! पण नदीत पाणी दाखवायला विसरू नकोस." टेम्सची लांबी ३४६ किलोमीटर आणि ती बारमाही वाहते. अशा लोकांना आपण काय समजावणार?

आणि पाढे. आप्पा, खरं पत्र इथून सुरू होतं. चौथीच्या जूनमध्ये पाढ्यांची परीक्षा असते, संगणकावर. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, पाढे बारापर्यंत. "फक्त बारा?" असं तुम्ही म्हणालातच. तुम्ही मला तिसापर्यंत पाठ करायला लावले, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आणे १९५७ साली गेले तरी तुमची पावकी राहिली. यांचा बारा पेनींचा शिलिंग १९७१ साली गेला तरी बाराचा पाढा राहिला. दोन्हीकडे मेलेल्या पैशांचे पाढे जिवंत आहेत.

आजोबांच्या चालीवर पोरगा पटापट म्हणतो, बारा नव्वे आठोदरसे. संख्यांवर मात्र अडतो. एकोणसाठ म्हणजे साठाच्या आधीचा की पन्नासाच्या नंतरचा, यावर आमच्याकडे रोज भांडण. तो 'साठ तीन' म्हणतो, त्रेसष्ट म्हणत नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा तुम्ही दोन दिवस पेपर उघडला नव्हता. आता नातवाला रागवाल तर बघा.

पण गेल्या रविवारचं मला लिहायलाच हवं. व्हिडिओवर तुम्ही घोळून घोळून म्हणवून घेत होतात. बारा दाहे वीसासे, आणि तुम्ही थांबलात. पोरगा म्हणाला, "पुढे?" तुम्ही म्हणालात, "पुढं काय? झाला पाढा." तो म्हणाला, "आजोबा, परीक्षेत बारा बारं पण येतं." आप्पा, एकोणतिसाचा पाढा झोपेत म्हणणारा माणूस बारा बारांवर घुटमळताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मी सेकंद मोजले. नऊ. तुम्ही नापास.

नंतर आई म्हणत होती, तुम्ही ओसरीवर फेऱ्या मारत काहीतरी पुटपुटताय. जूनपर्यंत वेळ आहे, घाई करू नका.

तुमची,
मुलगी

ता. क. गंगेला सध्या पाणी असेल, घाटावरून एक फोटो काढून पाठवा. शाळेत दाखवायचाय. त्यात बकरी येऊ देऊ नका.