लाल दिवा चालू आहे

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही उगाच म्हणत नाही. इथल्या एका प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय ३ या चिमुकल्या संगणकाचा लाल दिवा लागतो, हिरवा मात्र गप्प. मेमरी कार्डच बसवलेलं नाही! पण लाल दिव्यापुढं बोलायचं कोणी? नोंदवहीत शेरा : ‘चालू स्थितीत’.

सिरियल जोडणी तर शिस्तीचा नमुनाच. बोलणाऱ्या टीएक्सला टीएक्स, ऐकणाऱ्या आरएक्सला आरएक्स; सोयरीक जातीतच. दोघंही बोलले, तरी ऐकणार कुणीच नाही. बैठकांचा सराव आयताच होतो.

परवा जिंतूरकडच्या एका पोरानं सिरियल चालू केलेलं कार्ड बसवलं, तारांची अदलाबदल केली, वेग ११५२०० ठेवला. पडद्यावर लॉगिन उमटलं.

सरकारी साहित्याशी छेडछाड केल्याबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा मागवलाय.